निष्ठावंतांची डिसेंबरातली रात्र

गेली सहा वर्षे मी एका मोठ्या हॉटेल-साखळीचा ‘निष्ठावंत’ सदस्य आहे, आणि या निष्ठेचे मोल नेमके किती, हे मला परवा रात्री साडेअकरा वाजता डिसेंबरातल्या गोव्यासाठी खोली शोधताना कळले. रोख पैसे मोजणाऱ्यासाठी त्या हॉटेलात चारही रात्री खोल्या शिल्लक होत्या. याच साखळीत राहून जमवलेले पॉइंट्स मोजणाऱ्यासाठी तीन रात्री एकही खोली नव्हती, आणि चौथ्या रात्रीसाठी मागितलेला आकडा मी चष्मा पुसून पुन्हा वाचला: 68,000. हीच खोली पुढच्या जुलैत, म्हणजे किनाऱ्यावर पोहायला मनाई करणारे लाल बावटे लागलेले असताना, 30,000 पॉइंट्समध्ये मिळत होती.

हे पॉइंट्स मला कुणी ओवाळणीत घातलेले नाहीत. कामानिमित्त चेन्नई, अहमदाबाद, इंदूर अशा फेऱ्या करताना मी हट्टाने याच साखळीत उतरलो, त्यासाठी कारखान्यापासून वीस किलोमीटर लांब राहिलो आणि टॅक्सीचे वरचे पैसे पदरचे घातले. बाहेरच्या संकेतस्थळावर तीच खोली आठशे रुपयांनी स्वस्त दिसत असतानाही मी साखळीच्या स्वतःच्या ॲपवरूनच बुकिंग केले, कारण बाहेरून बुकिंग केले की पॉइंट्सही मिळत नाहीत आणि सदस्यत्वाचा दर्जा टिकवण्यासाठी मोजल्या जाणाऱ्या रात्रींमध्ये ती रात्रही धरली जात नाही. आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण शाळेत असताना पाठ केली होती; तिचा अर्थ पंचेचाळिसाव्या वर्षी, स्वतःचे कोहळे मोजून झाल्यावर उमगला.

पॉइंटची किंमत काढण्याची रीत अगदी साधी आहे. खोलीचे रोख भाडे घ्यावे, त्यात जीएसटी मिळवावा (साडेसात हजारांवरच्या भाड्याला तो 18 टक्के लागतो, आणि पॉइंट्सवर राहताना तो वाचत असेल तरच धरावा), आणि येणाऱ्या रकमेला मागितलेल्या पॉइंट्सनी भागावे. जुलैचे भाडे 12,000, करासह 14,160 रुपये, म्हणजे एका पॉइंटला 47 पैसे. डिसेंबरात भाडे 24,000, करासह 28,320 रुपये, आणि पॉइंटला जेमतेम 42 पैसे. गर्दीच्या दिवसांत भाडे दुप्पट होते हे मला मान्य आहे, व्यापार आहे. परंतु भाडे दुप्पट होत असताना पॉइंट्स मात्र सव्वादोन पटींहून जास्त का मागावेत, याचे उत्तर ग्राहक-सेवेच्या तीन वेगवेगळ्या माणसांनी मला तीन वेगवेगळ्या विनम्र आवाजांत दिले नाही.

हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी 1983 मध्ये विमान कंपन्यांचे पाहून अशा योजना सुरू केल्या. पुढे निदान एक तक्ता तरी असे: अमुक वर्गाचे हॉटेल, तमुक पॉइंट्स, त्यामुळे माणूस उद्दिष्ट ठेवून साठवू शकत होता. हिल्टनने तो तक्ता 2017 मध्ये काढला, मॅरियटने 2022 मध्ये, आणि आता बहुतेक ठिकाणी भाव मागणीप्रमाणे हलतो. म्हणजे चलन छापणारा तोच, त्याचा भाव ठरवणारा तोच, आणि दोन वर्षे खात्यात हालचाल झाली नाही म्हणून ते रद्द करणाराही तोच. सलग पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्यास एक रात्र मोफत, अशी एक खरोखर फायद्याची सवलत आहे. डिसेंबरात सलग पाच दिवस रजा मिळणाऱ्या भाग्यवंतांनी ती अवश्य घ्यावी.

दर्जाविषयी थोडक्यात सांगतो. माझ्या सदस्यत्वाचा दर्जा ‘गोल्ड’ आहे. मोठी खोली ‘उपलब्धतेनुसार’, उशिरा चेक-आउट ‘उपलब्धतेनुसार’, आणि गेल्या खेपेस उपलब्धतेनुसार जी खोली मिळाली तिच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती. रिसेप्शनवरच्या मुलाचा यात काही दोष नाही, तो बिचारा सांगितलेले वाक्य म्हणतो.

पण खरा संताप यापुढचा आहे. माझ्या खात्यात 61,400 पॉइंट्स होते, म्हणजे त्या एका रात्रीसाठी 6,600 कमी. ॲपने तत्काळ, जणू उपकार केल्याच्या थाटात, कमी पडणारे पॉइंट्स विकत घेण्याचा पर्याय पुढे केला, आणि तिथला भाव एका पॉइंटला रुपयाहून अधिक निघाला. माझ्याकडून 42 पैशांना परत घ्यायची वस्तू हे मलाच रुपयाला विकत होते, तीही एकाच पडद्यावर, एकाखाली एक, कसलाही संकोच न बाळगता! रद्दीवाला सुद्धा वर्तमानपत्र छापील किमतीपेक्षा कमी भावात घेतो, पण तीच रद्दी परत दुप्पट भावाने आपल्याला देऊ करत नाही.

बायकोने शांतपणे विचारले, “मग सहा वर्षं तू नेमकं काय जमवत होतास?” मला काही बोलता आले नाही. तिने डिसेंबरासाठी गोव्यातल्याच पाळोळ्याचे एक घरगुती गेस्ट हाउस फोनवरून दहा मिनिटांत ठरवले. मी त्या साठ्यातून पुढच्या जुलैतल्या दोन रात्री त्याच वेळी घेऊन टाकल्या, उद्या भाव काय होईल याचा भरवसा नाही म्हणून. लाल बावट्यासमोर बसून पाऊस पाहीन. उरलेले 1,400 पॉइंट्स त्यांनाच लखलाभ होवोत.