दोनशे बारा पानं

आज सकाळी सोसायटीतले एक काका प्रिंटर घेऊन आले. टर्किशच्या टॉवेलात गुंडाळून, न्हाऊ घातलेलं बाळ आणावं तसा, दोन्ही हातांवर. "बघ रे जरा, माझंच काहीतरी चुकतंय."

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. आयुष्यभर बँकेत लेजर लिहिलेला, पैचा फरक सापडेपर्यंत घरी न जाणारा माणूस. त्याला साडेतीन हजारांच्या एका प्लास्टिकच्या डब्याने पटवून दिलं की चूक तुझी आहे. म्हणून लिहितोय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तक्रार एवढीच: नातीच्या शाळेचा फॉर्म, एक पान, सगळी काळी अक्षरं. आणि मशीन म्हणतंय, रंगीत कार्ट्रिज संपलं, नवीन घाला. काळं कार्ट्रिज मात्र परवाच आणलेलं.

प्रिंटरला स्वतःची कुंडली छापता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सेटिंगमध्ये किंवा बटणांच्या जोडीने 'स्टेटस रिपोर्ट' काढता येतो, आणि आजवर किती पानं छापली तो आकडा बहुतेक मशीनच्या रिपोर्टवर असतो. काकांच्या मशीनवर होता २१२. चौदा महिन्यांत २१२ पानं.

बिलं काकांनी अर्थातच फाइलला लावून ठेवलेली. मशीन ३,४९९. काळी कार्ट्रिज तीन, प्रत्येकी ८५०. रंगीत दोन, प्रत्येकी १,०५०. कागदाचं रीम ३००. बेरीज ८,४४९. भागिले २१२. जवळजवळ ४० रुपये पान! कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला ५ रुपयांत प्रिंट देतो, रंगीत १० ला. सगळी २१२ पानं रंगीत काढली असती तरी २,१२० रुपयांत काम झालं असतं, वर त्याच्याशी गप्पा फुकट.

आपण कोण लोक आहोत? दुधाची पिशवी पाण्याने विसळून घेणारे, टूथपेस्टची ट्यूब लाटण्याने लाटणारे, साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारे. आणि आपणच ८५० रुपये मोजून चमचाभरसुद्धा नसलेली शाई घरी आणतो. त्या छोट्या काळ्या कार्ट्रिजमध्ये ४ मिलिलिटरच्या आसपास शाई असते. लिटरचा भाव काढा, दोन लाखांच्या वर जातो. देवघरातलं अत्तरसुद्धा इतकं महाग नसतं.

यात लपवाछपवी आहे असंही नाही, हेच तर डोक्यात जातं. एचपी या प्रिंटर कंपनीचे तेव्हाचे प्रमुख एन्रिके लोरेस यांनी जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत सरळ सांगून टाकलं होतं: मशीन विकताना आमचं नुकसान होतं, कमाई शाईवर. प्रत्येक ग्राहक म्हणजे आमची गुंतवणूक, आणि जो पुरेसं छापत नाही किंवा आमची शाई वापरत नाही ती गुंतवणूक फसली. म्हणजे काकांसारखा माणूस, महिन्याला पंधरा पानं काढणारा, हा कंपन्यांच्या लेखी बुडीत खातं. आणि काका इकडे म्हणतायत, माझंच चुकतंय!

बरं, पानांचा हिशोब. खोक्यावर लिहिलेलं असतं, १२० पानं. हे १२० खोटं नसतं, त्यासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ठरलेली चाचणी आहे. पण ती चाचणी म्हणजे पानाच्या साधारण ५ टक्के भागावर शाई, आणि पानामागून पान सलग छापायचं. ५ टक्के म्हणजे सुटसुटीत ओळींचं छोटं पत्र. नातीच्या 'भारतातील राष्ट्रीय उद्याने' प्रोजेक्टसाठी पानभर वाघ छापला की त्या एका पानाला दहा-पंधरा पत्रांची शाई सहज जाते. शिवाय मशीनसोबत येणारं पहिलं कार्ट्रिज बऱ्याचदा 'सेटअप'चं असतं, त्यात शाई आधीच कमी. तेवढ्यात घरच्यांना वाटतं, वा, चालतंय की छान.

आणि सलग कोण छापतं? आपण छापतो बारा दिवसांनी एकदा. इथेच खरी गळती आहे. काकांचं मशीन इंकजेट, म्हणजे शाईचे थेंब उडवणारं. इंकजेटची शाई पाण्यातली. थेंब जिथून उडतात त्या नोझलची भोकं केसापेक्षा बारीक. बंद पडून राहिलं की तोंडावरची शाई सुकते. मग पान फिकट येतं, मधेच पांढरे पट्टे येतात, की आपण 'क्लीनिंग' दाबतो. क्लीनिंग म्हणजे फडका फिरवणं नव्हे. मशीन शाई नोझलमधून जोरात बाहेर काढतं आणि पोटातल्या स्पंजात ओततं. विकत घेतलेली शाई, कागदाला न लागता, थेट गटारात. काकांनी तीन काळी कार्ट्रिज आणली, त्यातलं तिसरं परवाचंच. आधीच्या दोनांतच २४० पानं व्हायला हवी होती, पेटीतलं पहिलं वेगळंच. झाली २१२. बाकीची कुठे गेली ते त्या स्पंजाला विचारा.

का गेली, तेही कळलं. काका प्रिंट काढून झाली की भिंतीवरचं बटण बंद करतात. अहो, आपण सगळेच करतो! मिक्सर, गिझर, टीव्ही, सगळं भिंतीवरून बंद, हेच संस्कार. पण प्रिंटरचं तसं नाही. त्याचं स्वतःचं बटण दाबलं की तो शाईची गाडी उजवीकडे नेतो, रबरी टोपीवर टेकवतो आणि मगच झोपतो. ती टोपी नोझल ओलं ठेवते. चालू असताना भिंतीवरून वीज तोडली की टोपी नीट बसायची राहू शकते. उघड्यावर शाई सुकते, आणि पुढच्या वेळी चालू करताना मशीन खडखडाट करत स्वतःहून सफाई करतं. शाई पुन्हा स्पंजात. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात तर आठवड्याभरात खडक होतो तिचा. चौदा महिने हे चालू होतं. हे खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहायला काय धाड भरते? पुस्तिकेत असतं म्हणे, बावीस भाषांच्या जंगलात, मुंगीएवढ्या अक्षरात.

आता काळ्या पानाला रंगीत शाई का लागते. एक, ड्रायव्हरचं, म्हणजे कॉम्प्युटरमधून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, मूळ सेटिंग रंगीत असतं, आणि साध्या काळ्यातही थोडे रंग मिसळले जातात. दोन, कागदाचा प्रकार चुकून 'फोटो' राहिला तर बऱ्याच मशीन काळा रंग तिन्ही रंग मिसळूनच बनवतात. तीन, तिन्ही रंग एकाच डबीत. निळा संपला की गुलाबी-पिवळा अर्धा शिल्लक असतानाही अख्खी डबी कचऱ्यात. तेव्हा प्रिंटच्या खिडकीत आधी 'ग्रेस्केल' आणि त्याखाली 'फक्त काळी शाई' असं दोन्ही निवडा. नुसतं ग्रेस्केल पुरत नाही, राखाडी बनवायला बऱ्याच मशीन रंगच वापरतात. दर्जा 'ड्राफ्ट'. घरच्या कामाला ड्राफ्ट पुष्कळ झाला.

मशीन अडूनच बसलं तर? काही मॉडेलमध्ये रंगीत कार्ट्रिज चक्क काढून बाजूला ठेवलं की मशीन एकट्या काळ्यावर चालतं. काहींना दोन्ही बसलेली लागतात, पण स्टॉपचं बटण पाचेक सेकंद दाबून धरलं की ते शाई मोजणं सोडून देतं आणि छापतं. काकांचं पहिल्या जातीचं निघालं. रंगीत काढलं, झाकण लावलं, फॉर्म आला. दीड मिनिट! दीड मिनिटाच्या कामासाठी त्या माणसाने दोन रात्री यूट्यूबवर घालवल्या होत्या.

रंगीत कार्ट्रिजही बघितलं. नोझल कार्ट्रिजलाच असणाऱ्या मशीनसाठी हा उपाय घरी करता येतो. बशीत टिश्यूची घडी, तीवर कोमट पाणी, टिश्यू फक्त भिजेल इतकंच. कार्ट्रिज नोझलच्या बाजूने तीवर दोन-तीन मिनिटं टेकवून ठेवायचं. तांब्याचे चकचकीत कॉन्टॅक्ट ओले करायचे नाहीत. मग कोरड्या टिश्यूवर दाबायचं. तीन रंगांच्या तीन पट्ट्या उमटल्या तर जीव आहे. काकांच्या टिश्यूवर निळी आली, गुलाबी पुसटशी, पिवळीचा पत्ता नाही. ते वाकून बघत होते, रक्ताचा रिपोर्ट बघावा तसं.

रिफिलचं विचाराल, तर होतं. दीड-दोनशे रुपयांत दुकानातला पोरगा करून देतो. स्टिकरखाली भोकं असतात. कुठलं भोक कुठल्या रंगाचं हे मॉडेलगणिक बदलतं, म्हणून आधी टूथपिक बुडवून बघायची, नाहीतर पिवळ्यात निळा जाऊन सगळं हिरवं. सुई स्पंजात हळू उतरवून दोन-अडीच मिलिलिटर, घाई केली की वरून बुडबुडा येतो आणि शेजारच्या कप्प्यात ओघळतो. शाईचा काटा नंतरही 'रिकामं'च दाखवतो, दाखवू दे. आणि पार कोरडं होईपर्यंत ताणू नका. या कार्ट्रिजमध्ये शाई तापवून उडवतात, शाई नसली की तो तापणारा बारीकसा भाग जळू शकतो, मग कितीही रिफिल करा. कंपनीची काळी शाई पाण्याने कमी फिसकटते, हे खरं आहे. पावसाळ्यात फॉर्म बाहेर न्यायचा असेल तर फरक दिसतो. एवढंच मान्य करतो.

"मग टँकवाला घ्यायचा का?" काकांचा पुढचा प्रश्न. गंमत म्हणजे हे टँक प्रकरण आपल्यासारख्याच लोकांनी सुरू केलं. इंडोनेशियात दुकानदार प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून द्यायचे. एप्सनने २०१० मध्ये त्याच देशात बाटलीतून शाई भरायचा प्रिंटर स्वतःच आणला. जुगाडाला कंपनीचं लेबल लागलं. ६५ मिलिलिटरची काळी बाटली साडेतीनशे-चारशेला मिळते, ४,५०० पानं सांगतात, म्हणजे पानाला दहा पैशांच्या आत. हिशोब बिनतोड आहे, पण मशीनला अकरा-बारा हजार. आणि काकांच्या वेगाने ती एक बाटली पंचवीस वर्षं पुरेल! सुकणं त्यालाही चुकत नाही, उलट त्याचं हेड, म्हणजे नोझलचा भाग, बहुधा मशीनमध्येच पक्कं असतं. गेलं तर काही हजारांचा खड्डा. नोझल चेक काढा, क्लीनिंग जास्तीत जास्त तीनदा, तरी पट्टे राहिले तर मशीन बंद करून किमान बारा तास हात लावू नका. सतत क्लीनिंग मारणाऱ्यांचा स्पंज लवकर भरतो, आणि एके दिवशी मशीन एरर टाकून ठप्प. कॅननवाल्यांना ५बी०० पाठ असेल. घर बदलताना आडवा ठेवलात तर शाई टेम्पोभर, ते वेगळंच.

घरात दोन शाळकरी पोरं आहेत, शिकवण्या घेता, दर आठवड्याला पाच-पन्नास पानं लागतात, तर टँक घ्या आणि आठवड्याला एक रंगीत पान काढत राहा. फक्त काळं आणि कधीमधी लागत असेल तर काळा लेसर. टोनर म्हणजे भुकटी, सहा महिने पडली तरी सुकत नाही. झेरॉक्सच्या दुकानात '१२ए' म्हणून बघा, त्या कार्ट्रिजचे जुने लेसर अजून खडखडत उभे असतात, टोनर भरून पुन्हा चालू. नव्या लेसरसोबतचं टोनर बऱ्याचदा अर्धंमुर्धं असतं आणि बऱ्याच टोनरवर चिप असते, भरून घेण्याआधी ते विचारा. आणि घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लेसर लावू नका, कागद भाजायचा रोलर तापताना एकदम इतकी वीज ओढतो की इन्व्हर्टर ओरडायला लागतो.

आणि महिन्याला पंधरा पानं असतील, तर काहीच घेऊ नका. कोपऱ्यावर जा. हो, रात्री अकराला हॉल तिकीट हवं असतं तेव्हा कोपरा बंद असतो, माहितीये. वर्षातून दोनदा.

काकांना विकणाऱ्या पोराने यातला एक शब्द विचारला नव्हता. महिन्याला किती पानं, हा एक प्रश्न. एक! त्याने विचारलं, ईएमआय करू का.

असो. थोडा शांत झालोय. मशीन भंगारात टाकायचं नाही असं ठरलं. स्कॅनर ठणठणीत आहे, आधार-पासबुक स्कॅन करून मोबाइलवर पाठवायला त्याच्यासारखं सोयीचं काही नाही, आणि त्याला शाई लागत नाही. हेही सगळीकडे खरं नसतं बरं का, शाई नसली की स्कॅनही करू न देणाऱ्या मशीन निघाल्या आहेत, त्यावरून २०२१ मध्ये अमेरिकेत कॅननवर खटला झाला होता. काळं कार्ट्रिज नवंच आहे, ते संपेपर्यंत दर रविवारी एक पान. रंगीत आता घ्यायचं नाही. रीमचं पाकीट प्लास्टिकमध्ये घट्ट बांधायचं, नाहीतर जूनपासून कागद दमट होऊन दोन-दोन पानं एकदम आत जातात.

टॉवेल पुन्हा गुंडाळताना काकांनी विचारलं, "आधी मशीनचं बटण, मग भिंतीवरचं, असंच ना? कागदावर लिहून बोर्डाशी चिकटवतो. ही विसरते."

म्हटलं, थांबा, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देतो.

"नको नको," म्हणाले, "पेन आहे." आणि शाळेच्या फॉर्मच्या आधी आलेल्या त्या फिकट, पट्ट्यापट्ट्यांच्या पानाच्या पाठीवर त्यांनी लिहायला घेतलं. बँकेतलं अक्षर, रेघेवर बसलेलं.