सात फरक ओळखा

"मॅडम, हे सेम टू सेम नाहीये."

निकाल पाठीमागून लागला. माझ्या हातात चार नंबरचा गोल ब्रश होता, टोकाला जाड पांढरा रंग होता, आणि तो कॉलरच्या एका चुणीच्या कडेवर एका दमात ओढायचा होता. ओढला गेला, पण चुणीवर नाही.

संग्रहालयात उभं राहून जुन्या उस्तादांची चित्रं उतरवायची तर अर्ज, परवाना, कॅनव्हासमागे शिक्का, जमिनीवर ताडपत्री, वास न येणारा थिनर आणि त्याला घट्ट झाकणाची डबी, एवढं सगळं लागतं. प्रेक्षकाला काहीच लागत नाही. तो येतो आणि बोलतो.

माझ्या समोरच्या चित्रातले गृहस्थ म्हणजे सतराव्या शतकातले एक डच व्यापारी. काळा कोट, गळ्याभोवती शेकडो चुण्यांची गोल पांढरी कॉलर आणि चेहऱ्यावर वसुलीला आल्याचा भाव. चित्राबाहेरच्या गृहस्थांच्या गळ्यात ऑडिओ गाइडचे हेडफोन होते आणि भाव तोच होता. त्यांनी मूळ चित्राचा फोटो काढला, फोन माझ्या कॅनव्हासशेजारी धरला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करत तपासणी सुरू केली. रविवारच्या पुरवणीत दोन चित्रं शेजारीशेजारी छापून 'सात फरक ओळखा' म्हणतात ना, तसं.

"एक. तुमचं लहान आहे."

"लहानच काढावं लागतं. नियम आहे."

"म्हणजे मुद्दाम चुकीचं काढायला लावतात?"

याला उत्तर आहे, आणि ते चांगलं आहे. प्रत मूळ म्हणून कुणाच्या गळ्यात मारता येऊ नये म्हणून तिचं माप वेगळं ठेवायचं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात प्रत मूळ चित्रापेक्षा निदान एक पंचमांश लहान किंवा मोठी असावी लागते. इतर ठिकाणी आकडा बदलतो, तत्त्व तेच. मूळ चित्र 100 बाय 80 सेंटिमीटरचं असेल तर माझा कॅनव्हास 80 बाय 64 चा. प्रपोर्शनल डिव्हायडर, म्हणजे दोन्हीकडे टोकं असलेला आणि माप ठराविक प्रमाणात लहान करणारा कंपास, पाचास चारवर लावायचा, डोळ्यापासून डोळ्यापर्यंतचं अंतर एका टोकाने दुरूनच हवेत घ्यायचं आणि दुसऱ्या टोकाने कॅनव्हासवर टोचायचं. मूळ चित्रावर चौकटी आखता येत नाहीत, म्हणून दोऱ्याला वजन बांधून ओळंबा धरायचा आणि नाकपुडीच्या बरोबर खाली कोटाचं कितवं बटण येतं ते बघायचं. एवढ्याने रेखाटन जमतं. खरी गोम पुढे आहे. लांबी-रुंदी एक पंचमांश घटली तरी क्षेत्रफळ 64 टक्क्यांवर येतं आणि ब्रश मात्र आहे तेवढाच राहतो. मूळ चित्रकाराने ज्या जाडीच्या फटकाऱ्यात चुण्या काढल्या, तोच फटकारा माझ्या कॅनव्हासवर सव्वा चुणी खातो. म्हणून ब्रश एक-दोन नंबरांनी बारीक घ्यायचा, आणि बारीक ब्रश हातात आला की हात आपोआप भित्रा होतो. लहान प्रतीत सगळ्यात आधी मरतो तो फटकाऱ्याचा जोर.

यातलं मी त्यांना निम्मंसुद्धा सांगू शकले नाही, कारण ते दोनवर गेले होते.

"दोन. सही राहिली."

"मूळ चित्रकाराची सही काढायला बंदी असते."

"मग हे कुणाचं म्हणायचं?"

"माझं."

"तुमचं कसं? तुम्ही तर बघून काढलंय."

रुबेन्स 1628 साली माद्रिदला गेला तेव्हा तो काही शिकाऊ नव्हता, पन्नाशी ओलांडलेला नावाजलेला चित्रकार होता. तिथे त्याने आधीच्या शतकातला इटालियन उस्ताद तिशियन याची चित्रं उतरवली. त्यातल्या आदम आणि ईव्हच्या चित्रात त्याने आदमला पुढे झुकवलं आणि झाडावर एक पोपट बसवला, जो तिशियनच्या चित्रात नाही. दोन्ही चित्रं आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. आमच्या गृहस्थांना तिथे नेऊन सोडलं असतं तर त्यांनी पोपट ताबडतोब पकडला असता आणि रुबेन्सला कळवला असता.

बघ्यांच्या बाबतीत नशीब लागतं. 1860च्या दशकाच्या सुरुवातीला तरुण फ्रेंच चित्रकार देगा लूव्रमध्ये स्पॅनिश उस्ताद वेलाझ्केझच्या राजकन्येच्या चित्रासमोर उभा राहून तांब्याच्या पत्र्यावर थेट कोरत होता. कच्चं रेखाटन नाही, काही नाही. मागे कोणीतरी थांबलं, त्याच्या धाडसाने चकित झालं आणि दोघांची ओळख झाली, अशी आख्यायिका आहे. तो बघ्या म्हणजे फ्रेंच चित्रकार एदुआर माने. प्रत्येकाच्या मागे माने येऊन उभा राहत नाही, हे मला मान्य आहे.

"छंद म्हणून करता की क्लास लावलाय?"

हा प्रश्न माझ्या शेजारच्या दालनात इझल लावून उभ्या असलेल्या दाढीवाल्या पुरुषाला कोणी विचारत नाही. त्याला विचारतात, "आपण कलाकार का?" पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने मुलींना दार उघडलं ते 1897 मध्ये. त्याआधी चित्रकार बर्थ मोरिझोसारख्या बायका शिकल्या त्या खासगी शिक्षकांकडे आणि लूव्रमध्ये प्रती करून. दालनात उतरवत उभ्या असलेल्या बायका ही तिथली रोजची गोष्ट होती, आणि त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल याची मला बऱ्यापैकी कल्पना आहे. मी म्हटलं, "हेच काम करते." गृहस्थ म्हणाले, "छान छान," आणि तीनवर आले.

"तीन. चेहरा राखाडी का? आजारी वाटतायत."

चेहरा राखाडी होता, कारण तो अजून व्हायचा होता. आधी करडा-तपकिरी रंग दिलेल्या कॅनव्हासवर उजेड-सावलीचा अख्खा हिशेब करड्या छटांत मिटवायचा, तो वाळला की वरून त्वचेचे रंग पातळ थरांत द्यायचे. पांढऱ्याफेक कॅनव्हासवर सुरुवात केली की प्रत्येक मधली छटा गडद भासते आणि चित्र फिकट होत जातं. वाळण्याचाही प्रत्येक रंगाचा वेगळा स्वभाव. अंबर या मातकट तपकिरी रंगात मँगनीज असतं, ते एक-दोन दिवसांत वाळतं. टायटॅनियम व्हाइटला आठवडा द्यावा लागतो. आयव्हरी ब्लॅक तर पाहुणा होऊन राहतो. अशा न वाळलेल्या काळ्यावर चटकन वाळणारा पातळ थर दिला की वरचा आधी आक्रसतो आणि फुटतो. खाली कमी तेल, वर जास्त तेल, हा नियम त्यासाठीच. त्यात संग्रहालय ठराविक दिवशी ठराविक तास उघडं, म्हणजे रंग वाळतो तेव्हा दार बंद आणि दार उघडं तेव्हा रंग ओला.

"हे अजून पुरं व्हायचं आहे."

"कधी? आम्ही पाचपर्यंत आहोत."

मग त्यांनी बायकोला हाक मारली. "अगं, इकडे ये, हे बघ." त्या बाकावर बूट काढून बसल्या होत्या. तिथूनच मान वाकडी करून म्हणाल्या, "छान आहे की हो." गृहस्थ म्हणाले, "छान आहेच गं. पण सेम टू सेम नाही." बाईंनी डोळे मिटून घेतले. त्या दालनातलं सगळ्यात समंजस माणूस त्याच होत्या.

चौथा फरक जरा वजनाचा होता, हे कबूल करायला हवं. "मूळ चित्र पिवळं आहे, तुमचं नाही." यावर आम्ही आपापसांत तासन् तास भांडतो. मूळचा तो पिवळेपणा चित्रकाराचा नाही, वरच्या जुन्या व्हार्निशचा आहे. प्रतीत तो पिवळेपणा काढायचा की त्याखालचे रंग? पिवळ्या व्हार्निशखाली निळं हिरवं दिसतं, पांढरं सायीचं दिसतं, गार सावल्या तपकिरी होतात. जे दिसतं ते काढलं तर आपण चित्र नाही, त्याचं वय उतरवतो. आणि खालचं काढायचं म्हटलं तर निम्मं अंदाजपंचे. व्हॅन गॉगने त्याच्या शयनगृहाच्या भिंती जांभळट रंगवल्या होत्या, त्यातला लाल उडाला आणि आज त्या निळ्या दिसतात. तिथे प्रामाणिक प्रत कुठली, निळी की जांभळी? मोनालिसाचंच घ्या. लूव्रमधल्या मूळ चित्रावर ते जुनं पिवळं व्हार्निश अजून आहे. प्रादोमध्ये लिओनार्दोच्या कार्यशाळेत केलेली एक प्रत आहे, 2012 साली तिच्या पार्श्वभूमीवर नंतर कोणीतरी थापलेला काळा रंग काढला, तेव्हा मागचा देखावा बाहेर आला. त्या प्रतीत बाईंना भुवया आहेत, मूळ चित्रात त्या आज दिसत नाहीत. म्हणजे मूळ कसं दिसत असावं हे आज प्रतीकडून कळतं.

मी मधला मार्ग काढते. राखाडी पुठ्ठ्याला दोन छिद्रं पाडायची, एकातून मूळ रंग बघायचा, दुसऱ्यातून पॅलेटवरचा. आजूबाजूचं झाकलं गेलं की "पांढरी" कॉलर खरं तर मळकट पिवळी-करडी आहे हे कळतं, आणि ट्यूबमधला शुद्ध पांढरा लागतो तो फक्त चुण्यांच्या कडांना, नखभर. इथेही दालनातला उजेड दगा देतो. तैलचित्रांवर उजेड मोजून साधारण 150 ते 200 लक्सच, म्हणजे मंदच, ठेवतात, तोही पिवळसर. त्या उजेडात निळा मंद दिसतो, मग आपण आणखी निळा घालतो, आणि दिवसाच्या प्रकाशात आणल्यावर व्यापारी थंडीने काकडलेला निघतो. काळ्या कोटाचं दुखणं वेगळं. खालचा थर तेल शोषून घेतो, काळा कोरडा पडून राखाडी दिसतो, आणि माणूस त्यावर अजून काळा चढवत बसतो. तेल आणि थिनरचा हात पुसटसा फिरवला की खोली परत येते.

"पाच. तडे राहिले."

हे मात्र मला लागलं. तडे काढायचे नसतात हो! हवेतला दमटपणा कमी-जास्त झाला की कॅनव्हास ताणतो, सैल पडतो, वरचा कडक झालेला रंग तेवढा हलत नाही आणि फुटतो. याला दशकं, शतकं लागतात. ज्यांना घाई असते ते चित्र गरम करतात, गुंडाळीवर फिरवतात आणि पुढे कधीतरी पोलिसांना भेटतात. मी ब्रशने तडे काढत बसले तर तो शिक्का, तो परवाना, ते वेगळं माप कशासाठी? एवढं मी जरा चढ्या आवाजात बोलले असेन, कारण सुरक्षारक्षकाने बघितलं. माझ्याकडे. गृहस्थांकडे नाही.

याच गदारोळात एक सात-आठ वर्षांची मुलगी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "याला मान कुठाय?" इतका नेमका प्रश्न कुठल्याच मोठ्या माणसाने विचारला नव्हता. कॉलरच्या आत मान दिसत नाही, पण ती कुठे आहे हे न ठरवता डोकं काढलं की ते ताटात वाढल्यागत दिसतं. मी तिला कोळशाने पुसट ओढलेली मानेची मधली रेघ दाखवली. तिने मान हलवली आणि गेली. प्रेक्षक असे असतात, फार थोडे.

सहावा फरक चौकटीचा. माझ्या कॅनव्हासला सोनेरी चौकट नव्हती. मी उत्तर दिलं नाही.

"सात. तुमच्यावर चमक नाही." मूळ चित्रावर काच होती, काचेत वरचा दिवा आणि दिव्याखाली खुद्द गृहस्थ. त्यांनी डावीकडून फोटो घेतला, उजवीकडून घेतला, उकिडवे बसून घेतला. मग माझ्याकडे वळले आणि फार अदबीने म्हणाले, "मॅडम, जरा बाजूला होता का?"

आणि मी झाले! पॅलेट, ब्रश, चिंधी सगळं सावरत झाले. त्यांनी माझ्या कॅनव्हासचे तीन फोटो काढले. नीट समोरून, सरळ, चमक नाही. राखाडी चेहऱ्याचे, एक पंचमांश तोकडे, बिनसहीचे, बिनतड्यांचे. फोन खिशात टाकत म्हणाले, "घरी हाच दाखवतो. कुणाला कळतंय?"

म्हणजे सात फरक मोजले होते ते नेमके कोणासाठी?

प्रतीच्या नशिबी हे जुनंच आहे. अजिंठ्याची चित्रं जगाने आधी पाहिली ती प्रतींतून. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिलने 1844 पासून तिथे वर्षानुवर्षं राहून केलेली मोठाली तैलचित्रं लंडनजवळ क्रिस्टल पॅलेस या काचेच्या प्रदर्शनगृहात लावली होती, 1866 च्या आगीत ती जवळपास सगळी जळाली. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा लेण्यांत बसले, पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच एक. त्यांच्याही बऱ्याचशा प्रती 1885 मध्ये लंडनच्या संग्रहालयात आगीत गेल्या. आणि ओल, वटवाघळं सोसून उभ्या असलेल्या मूळ भिंतींवर, चित्रं जरा स्पष्ट दिसावीत म्हणून, उतरवणाऱ्यांनीच व्हार्निश चढवलं. ते पुढे पिवळं पडलं. उतरवणाऱ्यांची जातही काही धुतल्या तांदळासारखी नाही.

पण मला चिडायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. माझ्या प्रतीचं माप मोजतात, सही तपासतात, गर्दीच्या दिवशी मला येऊ देत नाहीत. खालच्या दुकानात मात्र हाच व्यापारी चष्मा पुसायच्या फडक्यावर आहे, मगवर आहे, छत्रीवर आहे. छत्रीवर आठ वेळा. मगवर कॉलर निम्मी कापलीय, फडक्यावर कोट चक्क निळा छापलाय आणि सही मात्र सगळीकडे शाबूत! त्यांच्याशेजारी उभं राहून कोणी फरक मोजत नाही. मला दाराशी कॅनव्हास उलटा करून मागचा शिक्का दाखवावा लागतो, एका हाताने, ओली बाजू अंगाला न लागू देता, आणि मागच्या रांगेतला माणूस विचारतो, "ताई, हे दुकानात केवढ्याला मिळालं?"