ब्रेडी ४५ व्या वर्षापर्यंत खेळला, पण ‘वय हा फक्त आकडा’ म्हणून नव्हे

‘ड्राफ्टमध्ये १९९ वा. कुणाचाच विश्वास नव्हता, त्याचा स्वतःवर होता. स्पर्धा फक्त स्वतःशी. चूक क्षणात विसरायचा. २८–३ ने मागे असतानाही डगमगला नाही. ४५ व्या वर्षापर्यंत खेळला, कारण वय हा फक्त आकडा असतो.’

अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) टॉम ब्रेडी याच्यावरचा हा मजकूर थोड्याफार फरकाने फिरतच असतो. यातले आकडे बरोबर आहेत. घोळ आहे तो कारणांमध्ये.

‘कुणाचाच विश्वास नव्हता.’ २००० च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात ती प्रक्रिया) त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक घेतले गेले, हे खरं. ४० यार्ड धावायला ५.२८ सेकंद लावणाऱ्या पोरावर उड्या कोण मारणार? पण तो कुठून तरी उगवलेला नव्हता. मिशिगन विद्यापीठाकडून त्याच वर्षी १ जानेवारीला ऑरेंज बोलमध्ये त्याने अलाबामाविरुद्ध ३६९ यार्डांचे पास दिले होते. त्याला निवडणाऱ्या न्यू इंग्लंड संघाने त्याला ५३ जणांच्या चमूत चौथा क्वार्टरबॅक म्हणून सांभाळलं. बहुतेक संघ दोन किंवा तीनच ठेवतात. त्या अख्ख्या मोसमात त्याने तीन पास फेकले. २३ सप्टेंबर २००१ ला संघाचा पहिला क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जखमी झाला तेव्हा तो तयार होता, कारण आधीचं वर्षभर कुणीतरी त्याची जागा राखली होती.

‘स्पर्धा फक्त स्वतःशी.’ क्वार्टरबॅक एका वेळी एकच खेळतो. सरावातले स्नॅपही (चेंडू मागे देऊन खेळी सुरू करणं) मोजकेच, आणि त्यातले बहुतेक पहिल्या खेळाडूला मिळतात. त्याने एक दिवस सुट्टी घेतली की ते मागच्याच्या पदरात पडतात. २०१४ मध्ये संघाने ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत क्वार्टरबॅक जिमी गॅरोपोलोला घेतलं. तीन वर्षांनी बाहेर गेला तो गॅरोपोलो, आणि त्याच मोसमात ४० वर्षांचा ब्रेडी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

‘चूक क्षणात विसरायचा.’ विसरायचा असतो तो धसका. इंटरसेप्शनचं, म्हणजे पास विरोधकाच्या हाती जाण्याचं, कारण विसरलं तर पुढच्या वेळी तेच होणार. बाहेर आल्यावर टॅब्लेटवर त्या खेळीचे फोटो पाहतात: सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) कुठे उभा होता आणि स्नॅपनंतर कुठे सरकला. बहुधा तीनपैकी एक दोष निघतो. नजर एकाच रिसीव्हरवर (पास झेलणाऱ्यावर) खिळली आणि बचावपटूने ती वाचली; वजन मागच्या पायावरच राहिलं आणि चेंडू उंच गेला; किंवा रिसीव्हर वळायच्या क्षणी सुटायला हवा होता तो पास अर्धा सेकंद उशिरा सुटला. तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे. नुसतं विसरून त्यातला एकही होत नाही.

‘२८–३.’ ५ फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टन. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना: अटलांटाविरुद्ध इतकं मागे पडूनही न्यू इंग्लंड जिंकलं. त्या खड्ड्यातला एक भाग ब्रेडीनेच खणला होता: अटलांटाच्या रॉबर्ट अल्फर्डने त्याचा पास हिसकावून ८२ यार्ड पळत गुण केले होते. मग न्यू इंग्लंडच्या डोन्टा हाइटॉवरने अटलांटाचा क्वार्टरबॅक मॅट रायनच्या हातून चेंडू उडवला, जेम्स व्हाइटने १४ पास झेलले, आणि अल्फर्डच्याच हाताला लागून उडालेला चेंडू एडलमनने जमिनीपासून बोटभर वर पकडला. एक आकडा त्या मजकुरात कधीच नसतो: न्यू इंग्लंडने ९३ खेळी खेळल्या, अटलांटाने ४६. दुप्पट वेळा उभा राहिलेला बचाव शेवटी धापा टाकत होता. ब्रेडी शांत होताच, पण समोरच्यांचे पाय संपले होते.

आता वय. मनावरच सगळं असतं तर क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग थांबलाच नसता. २०११ मध्ये मानेची शस्त्रक्रिया, २०१३ मध्ये ५५ टचडाउन (थेट गुण मिळवून देणारे) पास, आणि २०१५ मध्ये ९ टचडाउन व १७ इंटरसेप्शन. डोकं तेच होतं, हात साथ देईना. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला क्वार्टरबॅक अँड्र्यू लक २०१६ मध्ये १५ सामन्यांत ४१ वेळा सॅक झाला (पास सुटण्याआधीच पाडला गेला), खांद्यामुळे पुढचा मोसम मुकला आणि २९ व्या वर्षी निवृत्त झाला. त्याला कमकुवत मनाचा म्हणायची हिंमत कुणी करू नये.

ब्रेडीचं खरं कसब मार न खाण्यात होतं. दोन खेळींमध्ये ४० सेकंद मिळतात आणि घड्याळात १५ उरले की हेल्मेटमधला प्रशिक्षकाचा आवाज बंद होतो. पुढे सगळं एकट्याचं: मागे सेफ्टी एक की दोन? आपल्या एका खेळाडूला आडवा चालवायचा. बचावपटू त्याच्यामागे गेला तर पहारा बहुधा माणसावर, नाहीतर जागेवर. उत्तर स्नॅपआधीच मिळालं तर चेंडू अडीच सेकंदांच्या आसपास सुटतो आणि धडकायला येणारा पोहोचेपर्यंत हात रिकामा असतो. लोक ज्याला आत्मविश्वास म्हणतात तो हा आठवडाभराचा गृहपाठ. २०२१ मध्ये, ४४ व्या वर्षी, आता टॅम्पा बे संघाकडून खेळताना त्याने ७१९ पास फेकले आणि तो सॅक झाला फक्त २२ वेळा. शिवाय २००८ मध्ये त्याचा गुडघा गेल्यावर पुढच्याच वर्षी जमिनीवर पडलेल्या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घेण्यावर बंदी आली. रबरी पट्ट्यांचा व्यायाम, मालिश, आहार यांचा उपयोग झाला असेलही, पण त्याभोवतीचे दावे पुराव्याच्या बरेच पुढे धावतात.

आणि २०२२ बघा. क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या आघाडीच्या फळीतला अली मार्पेट निवृत्त झाला, स्नॅप देणारा सेंटर रायन जेन्सन जुलैच्या सराव शिबिरात जखमी होऊन सगळे साखळी सामने मुकला. ब्रेडीने ७३३ पास फेकले, सॅक पुन्हा २२ च. पण फळी टिकत नसल्याने लांबचा पास उघडायला वेळच नव्हता. दर पासमागे ७.४ यार्ड मिळत होते, ते ६.४ वर आले. १३ विजयांचे ८ झाले.