‘वाळवंटाला फक्त पाणी हवंय’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. त्याचा मथितार्थ असा : वाळवंट म्हणजे नुसती वाळू. ही माती मेलेली, तिच्यात पाणी टिकत नाही म्हणून काही उगवत नाही. पण पाणी पोचवलं की सोनं पिकतं, सौदी अरेबिया आणि इस्रायलने ते करून दाखवलंय. घाई असेल तर चिनी शास्त्रज्ञांचा लेप आहेच, वाळूची माती करून देणारा. आणि उरलेली वाळू बांधकामाला पाठवा, वाळूटंचाईही मिटेल.

पाणी टिकत नाही म्हणायचं आणि उपाय काय, तर आणखी पाणी ओता! लिहिणाऱ्याने आपलाच मेसेज सलग वाचलेला दिसत नाही.

‘वाळवंट म्हणजे वाळू’ हे पटकन निकालात काढू. जगातल्या वाळवंटांचा साधारण एक पंचमांश भागच वाळूने झाकलेला आहे. सहारातही वाळूचा वाटा पाव भागाच्या आसपास. बाकी खडक, गोटे, खडी आणि खारी मैदानं. इथून पुढे बोलायचं ते त्या वाळूच्या भागाबद्दल.

‘पाणी टिकत नाही म्हणून काही उगवत नाही.’ यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. वाळूचा कण 0.05 ते 2 मिलिमीटरचा, चिकणमातीचा 0.002 मिलिमीटरपेक्षाही बारीक. कण मोठे म्हणून पोकळ्या मोठ्या आणि पाणी झरझर खाली. एक मीटर खोल वाळूत पिकाला घेता येईल असं पाणी ढोबळमानाने 50 ते 80 मिलिमीटर मावतं. चांगल्या पोयट्याच्या जमिनीत याच्या दुप्पट किंवा जास्तही.

पण यावरून काढलेला निष्कर्ष कोरड्या प्रदेशात उलटा पडतो. समजा 30 मिलिमीटर पाऊस पडला. सुक्या वाळूत तो सव्वा फुटापर्यंत उतरेल, चिकणमातीत जेमतेम चार इंच. मग ऊन तापतं आणि वरचा थर वाळतो. चिकणमातीची सगळी कमाई त्या वरच्या थरातच असते, त्यामुळे ती उडून जाते. वाळूचं वरचं बोटभर-दोन बोटं सुकलं की खालचं पाणी वर ओढणाऱ्या बारीक नळ्याच तुटतात, आणि तो सुका थर झाकणाचं काम करतो. पावसानंतर बऱ्याच दिवसांनी वाळूच्या टेकडीचा उतार हाताने उकरला तर वरची भुकटी ओघळते आणि खाली गडद रंगाची, मुठीत दाबली तर गोळा होणारी ओली वाळू लागते. शिवाय चिकणमाती पाण्याचा बराच भाग इतका घट्ट धरून बसते की मुळांना तो मिळतच नाही. वाळू जवळजवळ सगळं देऊन टाकते.

इस्रायली परिसंस्थातज्ज्ञ इमॅन्युएल नॉय-मेर यांनी 1973 मध्ये हेच मांडलं : पाऊस भरपूर असेल तिथे भारी, म्हणजे चिकणमातीची जमीन सरस, पण वर्षाचा पाऊस साधारण 300 ते 500 मिलिमीटरच्या खाली गेला की पारडं वाळूकडे झुकतं. राजस्थानच्या थर वाळवंटात सेवण गवत आणि फोगाची झुडपं वाळूतच वाढतात. बाजरी, मटकी, गवारही तिथे पावसावर येतात. उत्पादन बेताचं असतं आणि पावसाने दगा दिला तर तेही जातं, पण ‘काही उगवत नाही’ हे साफ खोटं.

‘फक्त पाणी पोचवा.’ या ओळीने सर्वांत जास्त नुकसान होतं. सौदीने वाळवंटात गहू पिकवला हे खरं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तो देश गव्हाच्या मोठ्या निर्यातदारांत होता. ते पाणी मात्र हजारो वर्षांपूर्वी जमिनीत साठलेलं होतं आणि पावसाने भरून येणारं नव्हतं. 2008 मध्ये सरकारने देशी गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. मेसेजमध्ये हा उत्तरार्ध नाही. इंदिरा गांधी कालव्याने पश्चिम राजस्थानात पिकं आणली, पण जिथे वाळूखाली पाणी न मुरणारा कठीण थर होता, तिथे मोकाट दिलेलं पाणी त्यावर तुंबलं, पातळी वर आली आणि शेतं पाणथळ, खारवट झाली.

इस्रायलच्या उत्तर नेगेवमधली बरीच शेती वाळूवर नाहीच, ती वाऱ्याने आणलेल्या लोएस मातीवर आहे. जिथे वाळू आहे तिथे यश पाणी मोजून देण्याचं आहे. वाळूत ठिबकचं पाणी आडवं फारसं पसरत नाही, सरळ खाली जातं. म्हणून तोट्या जवळजवळ लागतात आणि पाणी थोडं थोडं, वारंवार. खतालाही हाच नियम. वाळूचे कण मुख्यत्वे क्वार्ट्‌झचे, ते अन्नद्रव्य धरत नाहीत आणि सेंद्रिय कर्ब बहुधा अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो. युरियाचा पूर्ण डोस एकदम टाकून वर पाटाने पाणी सोडलं तर नत्राचा मोठा वाटा मुळांखाली वाहून जातो.

या निचऱ्याचा फायदाही आहे, तो मेसेजवाल्याला सुचलेला नाही. खाली वाट मोकळी असेल तर क्षारही पाण्याबरोबर खाली धुतले जातात. त्यामुळे भारी जमीन बिघडवेल असं मचूळ पाणी वाळूवर खजुरासारख्या सोशिक पिकाला चालून जातं. भुईमूग आणि गाजर अशा मोकळ्या जमिनीत सुबक पोसतात आणि उपटायला सोपे.

‘मेलेली माती.’ हलत्या टेकड्या सोडून स्थिर झालेल्या वाळूवर पुष्कळदा एक काळपट पापुद्रा असतो. त्याचा तुकडा अलगद उचलून भिंगाखाली धरला तर खाली बारीक तंतू लोंबताना दिसतात आणि त्यांना वाळूचे कण चिकटलेले असतात. हे सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव. यांच्यासोबत शेवाळ, दगडफूल, मॉस. हा पापुद्रा वाळू बांधून ठेवतो, हवेतला नत्र जमिनीत आणतो. त्यावरून गाडी गेली की तो फुटतो आणि पूर्ववत व्हायला वर्षं, कधी कधी दशकं लागतात. ‘पडीकच तर आहे’ म्हणत वाळवंटात जीप उधळणाऱ्यांना हे कोण सांगणार?

चिनी लेपाची बातमी पूर्ण बनावट नाही. चोंगचिंगच्या संशोधकांनी सेल्युलोजपासून केलेला चिकट पदार्थ वाळूत मिसळून उलान बुह वाळवंटात पिकं घेतली, 2016 मध्ये ते प्रसिद्ध झालं. वाळू पाणी धरू लागली, पण ते पाणी, खत आणि मिसळण्याचा खर्च कुठून तरी यावाच लागतो. त्याच चीनमध्ये शापोतौ इथे 1950 च्या दशकात रेल्वेमार्ग वाळूखाली जाऊ नये म्हणून गवताच्या काड्या खोचून मीटर-मीटरचे चौकोन आखले गेले. वारा अडला, वाळू थांबली, झुडपं लागली आणि हळूहळू वर तोच पापुद्रा धरला. हे काम दशकांचं आहे, त्यामुळे फॉरवर्ड होत नाही.

राहिलं बांधकाम. वाऱ्याने घासून टेकड्यांवरच्या वाळूचे कण गोलसर, गुळगुळीत आणि फार बारीक झालेले असतात. काँक्रीटला लागतात टोकदार आणि लहानमोठे मिसळलेले कण. नदीच्या वाळूची जागा ही वाळू जशीच्या तशी घेऊ शकत नाही, आणि टेकडी उचलायची तर आधी तिच्यावरचं गवत-झुडूप जाणार.