बारा पाऊण नऊ

गोवळकोट ते दाभोळ, वाशिष्ठीच्या पाण्यातून. मेहुण्याने नकाशावर वीतभर मोजलं आणि 'दोन तास!' म्हणून टाकलं. दुपारी दाभोळला सुरमई खायची, एवढाच काय तो बेत.

तांडेल म्हणाला होता, नऊला निघायचं. आम्ही साडेअकराला निघालो. मधे पोहे झाले, चहा झाला, मेहुणीची टोपी हरवली, सापडली, आणि 'ही नव्हे' म्हणून पुन्हा शोधली.

पाऊण वाजता एका वळणावर बुडाखालून खर्र आवाज आला. तांडेलाने इंजिन बंद केलं, बांबू पाण्यात टेकवून पाहिला आणि बिडी पेटवली.

"काय झालं?"

"सुकती."

"मग?"

"मग भरती."

बिडी अर्धी झाल्यावर तो सविस्तर बोलला. "आज द्वादशी. तिथीची पाऊणपट करायची. बारा पाऊण नऊ. नऊला भरती पुरी होते, मग उतरत्या पाण्याबरोबर खाली जायचं. नऊला तुम्ही पोह्यांवर खोबरं घालत होतात."

पाऊणकी आमच्या आजोबांना तोंडपाठ होती. मला बाराचा पाढासुद्धा अडखळत येतो.

कोयनेच्या वीजघरांतलं पाणी शेवटी वाशिष्ठीत येतं, हे मेहुण्याला शाळेपासून पक्कं आठवत होतं. "पोफळीला फोन करून थोडं जास्त सोडायला सांगता येईल का?" त्याने विचारलं. तांडेलाने दुसरी बिडी काढली.

"उतरून ढकलू या," मी पॅंट दुमडत म्हणालो. तांडेलाने नुसती हनुवटी हलवली. समोर तिवरांखाली चिखलात मगर जबडा वासून पडली होती. ऊन जास्त झालं की ती तोंड उघडं ठेवून अंग थंड करते म्हणे. असेल. सकाळपासून आम्ही 'मगर कुठाय, मगर कुठाय' करत होतो. आता साडेचार तास ती समोर होती आणि फोटो काढायला कुणी उठेना. मी पॅंट पुन्हा खाली सोडली.

साडेपाचला होडी हलली. दाभोळच्या धक्क्याला लागलो तेव्हा मिट्ट काळोख होता आणि खानावळीत सुरमई संपलेली. वरणभातावर लिंबू पिळताना मेहुण्याने मोबाइलवर गुणाकार केला.

"उद्या त्रयोदशी. पावणेदहा! म्हणजे निवांत पोहे खाऊन निघू."

"उद्या वर जायचंय," तांडेल म्हणाला. "भरती लागेल तेव्हा निघायचं. पहाटे चारला."