रडू द्या तिला

आज दुपारी एका दफनविधीला जाऊन आले आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. लिहिलं नाही तर झोप लागायची नाही. लांबलंय, आधीच सांगते.

पेटीवर माती टाकायची वेळ आली आणि गेलेल्या माणसाची मुलगी, अकरावीतली पोर, ओक्साबोक्शी रडायला लागली. शेजारी आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक ज्येष्ठ काका उभे होते. तिच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाळा, रडायचं नसतं. आपल्याला सार्वकालिक जीवनाची आशा आहे. बाकीच्यांसारखं आपण रडत नाही." पोरीनं ओढणी तोंडात कोंबली. खरंच कोंबली. आणि आम्ही सगळे मुकाट्यानं पुढच्या गीताचं पान शोधत राहिलो. मीही शोधत होते, बहुतेक त्याचाच राग जास्त आलाय.

अहो काका, बाप गेलाय तिचा!

मला माझी आई आठवली. 2019 चा पूर. आमचं घर कोल्हापुरात, रमणमळ्यात. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 च्या वर. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावात पेट्रोलची मारामार. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही तेच भोगलंय. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर घोटाभर गाळ. आईचं लग्नात मिळालेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कपाटाच्या खालच्या कप्प्यात होतं, ते फुगून पावासारखं झालेलं. ती ओल्या खाटेवर बसली आणि मोठ्यानं रडली. मग वर बघून म्हणाली, "तुला दुसरं घर दिसलं न्हाई व्हय?" देवाला! मग डोळे पुसले, पदर खोचला आणि उलथन्याच्या कडेनं एकेक पान सोडवायला बसली. मध्ये रद्दीचे कागद घालत. दुपारी तेच गाळाचे हात घेऊन, ओलं रेशनकार्ड सांभाळत, पंचनामा करणाऱ्यांच्या मागं गल्लीभर फिरली.

मेल्यावर काय, याची या बाईला एक पैशाची शंका नव्हती. बाबांना आणि माझ्या धाकट्या भावाला भेटणार, हे ती सकाळच्या पॅसेंजरनं मिरजेला जायचं असल्यासारखं सांगायची. पण म्हणून रडायची नाही असं नाही. भावाच्या वाढदिवसाला दरवर्षी रडायची, शेवयांची खीर ढवळत.

पुढं तिला कॅन्सर झाला. एक प्रार्थनावाले भाऊ घरी आले, माईक नसतानाही माईकवरच्या आवाजात बोलणारे. जाताना म्हणाले, "आई, विश्वास कमी पडतोय." केमोनं तोंड सोललेल्या बाईला! मला त्यांच्या चपला रस्त्यावर भिरकवाव्या वाटल्या. आई शांतपणे म्हणाली, "इश्वास हाय की. पोटात पाणी ठरत न्हाई, तेवढं बघा."

शास्त्र काढायचंच असेल तर नीट काढा ना. लाजर मरून चार दिवस झालेले. आता याला उठवायचंय, हे येशूला पक्कं ठाऊक. लाजरच्या बहिणीला, मार्थेला नुकतंच सांगून झालंय, पुनरुत्थान व जीवन मीच आहे. तरी दुसरी बहीण मरिया रडताना दिसली आणि येशू रडला. योहानाच्या शुभवर्तमानात, 11 व्या अध्यायात दोन शब्दांचं वचनच आहे: येशू रडला. आणि प्रेषित पौलानं थेस्सलनीका गावच्या मंडळीला पत्रात नुसतं "खेद करू नका" असं लिहिलेलं नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, असं लिहिलंय. आपण पुढचं तेवढं धरतो आणि मागचं कापतो. मग ग्रुपवर पांढऱ्या कबुतराचं चित्र टाकलं की झालं सांत्वन.

मान्य आहे, काकांचा हेतू वाईट नव्हता. कोरोनात त्यांनी बायकोला पुरलं तेव्हा कबरेजवळ खांदा द्यायलाही माणूस नव्हता. त्या दिवशी त्यांनी हेच एक वाक्य घट्ट धरलं असेल. आता लिहिताना डोळ्यांपुढं येतंय, त्या पोरीच्या खांद्यावरचा त्यांचा हात थरथरत होता. त्यांनाही कुणी रडू दिलं नसेल.

तरी तिला गप्प करायचं नव्हतं काका.

आईचं शास्त्र मगाशी काढलं. पानं अजून पापडासारखी वाकडी, कडेला गाळाची तांबूस रेघ. उलथन्याचा एक काप बरोबर लाजरच्या गोष्टीतनं गेलाय. "मार्था" मधला "था" गायब. आईनं तो पेननं परत लिहिलाय, थोडा तिरका.

उद्या संध्याकाळी त्या पोरीच्या घरी डबा घेऊन जाणार आहे. आमटी, भात आणि शेवयांची खीर. शास्त्र नेणार नाही, नुसती बसणार. कुणाला यायचं असेल तर सातला निघू. तिच्या आईला मसाला तिखट चालत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.