ट्यूब लावू का?

काल रात्री पावणेबारापर्यंत मी एका सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांना भिंतीवरून पुसत बसले होते. आधी टक्कल पुसलं, मग चष्मा, मग सदऱ्याच्या खिशातलं पेन. कोपर सगळ्यात चिवट निघालं. याचे मला पैसे मिळणार नाहीत. "एवढंसंच तर काम आहे," असं मला कळवण्यात आलंय.

मी लोकांच्या घरी जाऊन त्यांचे फोटो काढते. ते जसे राहतात तसे. पडदा नाही, पोझ नाही, फ्लॅश नाही. त्याआधी आठ वर्षं लग्नं केली, म्हणजे दुसऱ्यांची. डोक्यावर ड्रोन घोंघावतोय आणि ऐन अंतरपाटाच्या क्षणी समोर नवऱ्यामुलाच्या मामांची पाठ, अशी माझ्याकडे शेकड्यांनी चित्रं आहेत. कंटाळले आणि तीन वर्षांपूर्वी हे धरलं. आईला ते अजून पटलेलं नाही. शेजारी कुणी विचारलं तर ती सांगते, "हल्ली लग्नं घेत नाही ती. पाठीचं दुखणं आहे ना."

तर गेल्या रविवारी कोथरूडमध्ये एका टू बीएचकेत काम होतं. आई, बाबा, आजी आणि चार वर्षांची चिमी. फोनवर तीनदा बजावलं होतं, काही आवरू नका. त्यांनी हॉलला रंग दिला होता. पांढरा, आणि अजून हाताला लागत होता. कपडे वाळत घालायचा स्टँड बाथरूममध्ये कोंबल्यामुळे आंघोळी राहिल्या होत्या. चिमीला झालरींचा फ्रॉक घालून सोफ्यावर मांडून ठेवलं होतं. मला बघताच तिने दोन बोटं वर केली आणि ओठांचा चंबू केला. बाबांना म्हटलं, रविवारी सकाळी काय करता? म्हणाले, मोबाइल बघतो. म्हटलं, मग बघा की. तर ते मोबाइल कानाला लावून खिडकीबाहेर क्षितिजाकडे बघायला लागले, विम्याच्या जाहिरातीत बघतात तसे. खिडकीबाहेर समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी होती.

हे सगळं मी धरूनच चालते. अर्ध्या तासात माणसं विसरतात की मी तिथे आहे. मुलाला भूक लागते, कुकरची शिट्टी होते, कुणीतरी कुणावर तरी खेकसतं आणि घर पुन्हा घरासारखं वागायला लागतं. पण त्यासाठी तो अर्धा तास मिळावा लागतो. मला नाना मिळाले.

नाना समोरच्या फ्लॅटमधले. या घराशी नातं काही नाही, पण त्यांच्याकडे किल्ली असते. ते बेल न वाजवता आत आले, माझ्या गळ्यातले दोन कॅमेरे आपादमस्तक न्याहाळले आणि विचारलं, "फोटोग्राफर कधी येणारेत?"

"मीच आहे काका."

"बरं बरं. आणि सर?"

"सर नाहीत. मीच."

"अच्छा," म्हणाले आणि मला आधार द्यायला म्हणून ट्यूब लावली.

मी हसून ट्यूब बंद केली. पूर्वेच्या खिडकीतून इतका सुंदर उजेड येत होता की आजींच्या गालावरची लव दिसत होती. नाना दोन मिनिटं गप्प बसले. मग उठून ट्यूब लावली. मी बंद केली. त्यांनी लावली.

"काका, खिडकीचा उजेड पुरेसा आहे."

"अगं, तोंडं काळी येतील. मी याशिका वापरलाय. रोलवर. ३६ फोटो, आणि एक वाया गेला तर आमची ही दोन दिवस बोलायची नाही."

आता ट्यूबविषयी माझं वैर का, ते सांगते. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी तितका पिवळा. खिडकीचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिन, ट्यूब ६५००, देवघरातला पिवळा दिवा २७००. तिन्ही एकदम पडले की एकाच गालावर तीन ऋतू दिसतात. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ही जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर सेकंदाच्या १/१०० ला ठेवलं तर ती निमूट वागते. पण १/१०० ला चार वर्षांची मुलगी निमूट वागत नाही. शटरचा वेग वाढवलं की फोटोवर आडवे पट्टे. हे सगळं मी नानांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तुझा कॅमेरा जरा साधा आहे."

आजींना ते म्हणाले, "वहिनी, हनुवटी खाली. श्वास धरा." आजींनी खरोखर श्वास धरला. भाजी निवडता निवडता त्या जरा मोकळ्या झाल्या होत्या, आता त्यांचा चेहरा पुन्हा आधार कार्डावरचा झाला.

त्यांना तरी काय बोलू? आपल्याकडे फोटोपुढे ताठ बसायची सवय जुनी आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या फ्रेंच माणसाचा फोटो काढायचा शोध जाहीर झाला तेव्हा एका फोटोला मिनिटं लागायची; मग माणूस हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा लावायचे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफीची सोसायटीसुद्धा निघाली, म्हणजे हा छंद आपल्याकडेही लवकरच पोचला, आणि मला वाटतं चिमटाही सोबत आला. आमच्या घरी आगफाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये १२ फोटो. ते १२ फोटो गणपती, एक सहल आणि एक बारसं यांत पुरवायचे. अशा हिशेबात कोण हसणार आणि कोण पापणी हलवणार? माझ्या आजोबांचा हसरा फोटो एकही नाही. ते हसायचे, खूप हसायचे, पण क्लिक झाल्यावर. चिमटा कधीच गेलाय, पण आजही कुणी "फोटो" म्हटलं की तो मानेला लागतो. मी तो काढायला घरोघर फिरते आणि नाना तो परत बसवतात.

पाचव्यांदा मी ट्यूब बंद केली तेव्हा चिमीला त्यात खेळ दिसला. ती स्टूल ओढून बटणाखाली उभी राहिली, दोन्ही हात पसरून. नाना दबक्या पावलांनी आले. "नाना, नाऽऽही!" ती किंचाळली. फ्रॉकची झालर एव्हाना तिने चावून ओली केली होती. नानांनी तिच्या डोक्यावरून हात लांबवला. आजी भाजीचं ताट मांडीवर धरून, तोंडाला पदर लावून खदाखदा हसायला लागल्या. चिमीची आई लाटण्यासकट बाहेर आली. बाबांनी मोबाइल खाली ठेवला, खरोखर खाली, सोफ्यावर. आणि ट्यूब पेटायच्या बेतात लुकलुकत असताना मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

माझ्या तीन वर्षांतला तो सगळ्यात चांगला फोटो असेल. वर एक आडवा पट्टा आहे, असू दे.

घरच्यांनाही तोच आवडला. ६२ फोटो पाठवले, त्यातून मोठ्या फ्रेमसाठी तोच निवडला. खाली मेसेज: "हा एकदम नॅचरल! फक्त नाना काढता येतील का? घरचाच फोटो आहे म्हणून." त्याखाली आणखी एक: "आणि ताई, फोटो घरीच काढलेत, स्टुडिओ नाही, लाइट नाही, तर उरलेल्या दोन हजारांचं काही बघाल ना?"

नळ दुरुस्त करायला माणूस येतो तेव्हा त्याला कुणी म्हणत नाही की नळ आमच्याच घरात होता, म्हणून थोडं कमी करा. लग्नात मी अर्धी रात्र पाठी टिपायचे तर पाकीट निमूट मिळायचं, कारण तिथे छत्र्या होत्या, दिवे होते, पोरं वायरी ओढत पळत होती. घाम दिसत होता. इथे मी चार तास जमिनीवर मांडी घालून एका पोरीच्या लक्षातून जायची वाट बघते, मग तीन संध्याकाळी फोटो निवडत डोळे फोडते. पण दिसायला मी नुसती बसलेली असते. पोहे खाल्लेले असतात, तेही हिशेबात धरतात. नैसर्गिक म्हणजे आपोआप झालेलं, आणि आपोआप झालेल्याचे कुणी पैसे देतं का? हे कुणी तोंडावर बोलत नाही. दोन हजारांपाशी येऊन थांबतात आणि मी "बघते" म्हणते. दर वेळी म्हणते. त्याचाच राग जास्त येतो.

तर नाना पुसले. आता त्या फोटोत एक अख्खं कुटुंब भिंतीवरच्या बटणाकडे बघून पोट धरून हसतंय. चिमी हात पसरून कशाला अडवतेय ते कळत नाही. ट्यूबचा उजेड मात्र पुसता येत नाही. तो आजींच्या डाव्या गालावर हिरवट राहिलाच.

आज सकाळी साडेसातला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी नाना बोलतोय. त्या दिवशीचा तो फोटो दाखवला मला चिमीने मोबाइलवर. चांगला आलाय हो. बघ, ट्यूब लावली म्हणून आला."

"हो काका."

"तर म्हटलं, त्यातला माझा तेवढा तुकडा पासपोर्ट साइजमध्ये करून देशील का? पीएमपीच्या बसचा ज्येष्ठांचा पास काढायचाय. चार कॉपी पुरेत."

"काका, त्यात तुम्ही एका बाजूने दिसता."

"चालतं गं. मागची भिंत पांढरीच आहे. मी मुद्दाम तिथेच उभा होतो."